मास्तरांचा हातगुण

मास्तर, काल कारखान्यात तुमची शोकसभा झाली. जो तो तुमच्या हातांबद्दलच बोलला. मॅनेजर म्हणाले, असा हातगुण शोधून सापडायचा नाही, मास्तरांनी हात लावलेली टाकी कधी बिघडली नाही. पॅकिंगमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी खुर्चीत बसून दातओठ खात होते. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. "मंदाताई मास्तरांच्या हाताखाली तयार झाल्या, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठले आणि खरोखर दोनच शब्द बोलले, "मास्तरांनी शिकवलं," आणि बसले. लोकांना वाटलं बाईचा कंठ दाटून आला. कसला कंठ आणि कसलं काय! खरं बोलले असते तर सभा उधळली असती, म्हणून तोंड आवळलं.

तर आता ऐका. जिवंत होतात तेव्हा मी हा विषय काढला की तुम्हाला नेमकी कुठली तरी टाकी तपासायची असायची. आता कुठं जाल?

हिरा आणि मी समुद्राकाठच्या दांडी गावच्या, एकाच आळीतल्या, मध्ये दोन घरं. अकरावीनंतर दोघी एकाच दिवशी तुमच्याकडं लागलो. सकाळची एसटी धरून बोईसरला यायचो. घरोघरी टीव्ही यायला लागले होते आणि आपल्या शेडमध्ये त्या टीव्हीच्या चकत्या यायच्या, चॅनेल फिरवायच्या, प्लास्टिकच्या, फिक्या बिस्किटी रंगाच्या. त्या आम्ही जिगवर टांगायच्या, म्हणजे तारेच्या काट्यांच्या उभ्या चौकटीवर, आणि पुढं तुम्ही त्या एकामागून एक टाक्यांतून फिरवून त्यांचं लखलखीत क्रोम करायचात. पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला टाक्यांपुढं उभं केलंत आणि म्हणालात, "पोरींनो, लोखंडावर निकेल चढवणं म्हंजे नात्यातल्या नात्यात लगीन. प्लास्टिकचं तसं न्हाई. त्येला धातू नकोच असतोय. आधी सोयरीक जुळवावी लागती." हिरा फिस्सकन हसली. तुम्हीही हसलात. तो दिवस चांगला होता, मी खोटं बोलणार नाही.

ती सोयरीक कशी जुळते हेही तुम्हीच शिकवलंत. पहिली टाकी एचिंगची, म्हणजे माल कोरायची, गरम क्रोमिक ॲसिडची, लालभडक. तिच्यात प्लास्टिक बुडवलं की त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं पडतात. मग धुऊन पॅलॅडियम धातूच्या पाण्याच्या टाकीत, मग वीज न लावता निकेलचा पातळ पापुद्रा, आणि तो नीट बसला की विजेवर तांबं, निकेल, क्रोम. धातू मुळं धरतो ती त्या पहिल्या भोकांत. तिथं तेलाचं बोट लागलं की संपलं. वरून माल झकास दिसतो, बायको-पोरांना दाखवावा असा, आणि काही दिवसांनी फोड धरतो आणि सोलून निघतो. म्हणून एचिंगनंतर मालाला उघडा हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. आम्हाला धुतलेले सुती हातमोजे. तुम्हाला काही नाही. तुम्ही प्रत्येक जिग धुऊन निघाला की वरच्या ओळीतल्या चकतीवर उघडा अंगठा टेकवून दाबायचात. "अंगठा अडला पायजे. अडला म्हंजे कोरलंय." चौथी शिकलेला माणूस नुसत्या अंगठ्यानं ॲसिडचं काम ओळखतो याचं आम्हाला कोण कौतुक!

आणि ती रांग आठवते का? सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आम्हा बायकांना रांगेत उभं करायचात, तळहात पुढं करायला लावायचात आणि एकेकीचे हात हुंगायचात. घाटावरच्या, विदर्भातल्या बायकांचे पटापट. दांडी-मुरब्याच्या आल्या की थांबायचं, नाक खाली न्यायचं, लांब श्वास घ्यायचा. "पुन्यांदा धू. माशाचं तेल हाय." आम्ही लिंबानं धुवायचो, राखेनं घासायचो, कातडी लाल व्हायची. मागून कुणीतरी खिदळायचं. मासे खाणाऱ्या माणसाचा हात मासाच असतो असं तुमचं ठाम मत. मला तर डब्यात भाजी न्यायची सवय लागली ती तिथंच. हिरा मात्र बोंबलाचं कालवण आणायची आणि चाटून पुसून खायची. "आमी काय चोरी करतो काय गो?" म्हणायची.

हीच हिरा एकदा तुमच्यासाठी कोकमतेलाची वडी घेऊन आली. क्रोमची वाफ नाक खाते, तुमच्या नाकातून रक्त यायचं. हातांना भेगा, आणि मधूनमधून ॲसिडनं पाडलेले खड्डे. ती म्हणाली, "मास्तर, हे लावा. माझी आय भेगांना लावते." तुम्ही वडी चुन्याच्या डबीत ठेवलीत. दिवसातून दहा वेळा वडीवर अंगठा घासायचा, तो नाकात फिरवायचा, डबी खिशात. "हिरा, लई गुण आला गं," असं तुम्ही माझ्यासमोर म्हणाला होतात.

मग माल परत आला. दुकानात काचेमागं उन्हात ठेवलेल्या टीव्हींच्या चकत्यांना फोड आले होते. नखानं उचललं की क्रोम कांद्याच्या सालीसारखं सुटून यायचं. मॅनेजर खाली शेडमध्ये आले, खोकी जमिनीवर उपडी केली आणि विचारलं, हात कुणाचा लागला? तुम्हाला एक क्षणही लागला नाही. "ही हिरा. माशाचा हात हाय हिचा, रोज सांगतोय." हिरानं दोन्ही तळवे तुमच्या नाकाशी धरले. "आता वास घ्या, मास्तर! आताच धुतलेत. घ्या ना!" तुम्ही सगळ्यांदेखत वाकून वास घेतलात, डोळे मिटून. आणि म्हणालात, "येतोय."

त्याच दिवशी तिला काढलं. परतीच्या एसटीत ती सबंध वाट आपलेच हात हुंगत होती. "येतो काय गो, मंदे? खरं सांग." मी म्हटलं, नाय येत. तिला पटलं नाही. आपल्याला सवय झाली असेल म्हणून कळत नसेल, असं ती म्हणाली.

मला तिडीक आली होती. दुसऱ्या दिवशी मी घरून पुडीत सुकट नेली. सुट्टीनंतर ती दोन्ही तळहातांवर चोळचोळ चोळली आणि रांगेत उभी राहिले. शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकली. तुम्ही माझे हात हुंगलेत. लांब श्वास घेतलात. "ठीक हाय. जा."

मी तिथंच उभी राहिले. माणसानं किती खोटं वागावं, मास्तर? तुमचं नाक मेलं होतं. क्रोमनं कधीच खाल्लं होतं ते. त्याला मासा कळत नव्हता, कोकमतेल कळत नव्हतं, ॲसिड उतू गेलं तरी कळलं नसतं. आणि त्या मेलेल्या नाकानं तुम्ही आम्हाला रोज दोनदा माणसांतून उठवत होतात.

पुढं त्याच आठवड्यात परत आलेला माल सोलायला मला बसवलं. एकेक चकती घ्यायची, फोड उचलायचा, धातू काढून टाकायचा. दहा-बारा झाल्या आणि माझा हात थांबला. सगळे फोड एकाच आकाराचे. लांबट गोल, एका बाजूला जरा कललेले, अंगठ्याएवढे. आणि प्रत्येक फोडाच्या मधोमध मसुराएवढा एक ठिपका, तेवढाच धातू घट्ट धरलेला, नख लावूनही न निघणारा. तुमच्या उजव्या अंगठ्याला ॲसिडनं पाडलेला खड्डा होता, मसुराएवढा. खड्डा मालाला टेकत नव्हता, म्हणून तिथं तेल लागत नव्हतं. असा अंगठा अख्ख्या शेडमध्ये एकाच माणसाचा होता.

मी सात चकत्या तुमच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तुम्ही आपला अंगठा पहिल्या चकतीवर ठेवलात. बरोबर बसला.

"कुणाला दावलंस?"

"कुणाला नाय. तुमी सांगा. मॅनेजरांना सांगा आणि हिराला परत बोलवा."

"आन् त्यांनी नाकाचं इचारलं तर? वास येत न्हाई कळलं तर टाकीवर ठेवतील व्हय मला? माज्या तीन पोरी हायत, मंदा." मग म्हणालात, "हिराला दर्या हाय. मला काय हाय हितं?"

दर्या हाय! जसा काही तिच्या बापाच्या नावावर होता. अहो, तिचा बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. आई लोकांचे बोंबील वाळत घालायची. घरात पहिला पगार आला तो हिराचा, तोही तुमच्या कारखान्यातला. हे सगळं मी तेव्हा तुमच्या तोंडावर फेकायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं, "विचार करा, मास्तर." तुम्ही चकत्या खिशात घातल्यात आणि म्हणालात, "मिटवतो मी."

आणि मिटवलंत! दुसऱ्या दिवसापासून तुमच्या हातात रबरी हातमोजे. डबी दिसेना. महिना गेला, एक चकती सोलली नाही. मॅनेजरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "बघा, एक हात गेला आणि माल सुधारला." तुम्ही शेजारी उभे होतात. आपल्या पायांकडं बघत होतात. तुम्ही गप्प राहून निम्मा अन्याय केला होता. हातमोजे घालून हिराचा दोष सिद्ध करून दाखवलात. तुम्ही तुमची चूक न सुधारता तसेच राहिला असतात, माल सोलत राहिला असता, तरी हिराचं नाव सुटलं असतं. हे मी कितीदा मनात घोळवलंय, तुम्हाला कल्पना नाही.

बोईसरला गोष्टी किती वेगानं फिरतात! शेजारच्या शेडमध्ये हिरा काम मागायला गेली तर तिथल्या बाईनं विचारलं, "तूच ना ती, जिचा हात लागला की माल सोलतो?" हे बोलणं एसटीतून दांडीला आलं. माशाचा हात राहिला बाजूला, हिराचा हातगुणच वाईट ठरला. कुणाच्या घरी पापड लाटायला बसली की कुणीतरी पोळपाट ओढून घ्यायचं. आणि माझ्याच लग्नात, मास्तर, हळद लावायला ती पुढं झाली तेव्हा माझी काकी म्हणाली, "तू नको गो हिरा, तू बस." हिरानं वाटी खाली ठेवली. मी पाटावर बसले होते, अंगाला हळद, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. पुढं तिला मुरब्याच्या एका बिजवराला दिली. चांगला माणूस निघाला, ते तिचं नशीब.

तुम्ही म्हणाल, मंदा, एवढा राग होता तर तेरा वर्षं माझ्या हाताखाली काम का केलंस? केलं. कारण तुमच्यासारखं शिकवणारा दुसरा कुणी नव्हता. एचिंगचा रंग बघून तापमान सांगायला, निकेल जळलं की कशानं जळलं ते ओळखायला, सगळं तुम्ही शिकवलंत. एकदा टाकीत जिग निसटला आणि ॲसिड माझ्या तोंडावर उडालं, तेव्हा तुम्ही माझ्या वेणीला धरून मला फरफटत नळाखाली नेलंत आणि माझा डोळा उघडा धरून अर्धा तास पाणी मारलंत. मी ओरबाडत होते, तुमच्या मनगटातून रक्त निघालं, पण सोडलं नाहीत. आज मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं ते तुमच्यामुळं. हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुमचा राग करणं किती सोपं झालं असतं!

मला इन्स्पेक्शनला घेतलंत, बायकांत पहिली मी. मुकादम कुरकुरले तर त्यांना म्हणालात, "तिची नजर माझ्या अंगठ्यापरीस बरी हाय." सगळे हसले. मी हसले नाही, तुम्हीही नाही. मी हुशार होते म्हणून मला वर नेलंत, की मला माहीत होतं म्हणून? तुम्हाला तोंडावर विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? आता हे कळायचा मार्गच उरला नाही, आणि याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दर दसऱ्याला टाक्यांना हार घातले की मी तुमच्याजवळ येऊन म्हणायचे, "मास्तर, यंदा तरी." तुम्ही नारळ फोडायला वळायचात. तिन्ही पोरींची लग्नं झाली तेव्हा मी म्हटलं, आता कशाची भीती? तुम्ही म्हणालात, "आता काय कुणाला आठवतंय ते?" हिराला आठवत असेल, मी म्हटलं. त्यावर तुम्ही माझ्याशी चार दिवस बोलला नाहीत, जसा काही गुन्हा माझाच.

शेवटची तुमच्या घरी आले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. तुम्ही विचारलंत, "एचिंगवर आता कोण हाय?" मी म्हटलं, "ते सोडा. हिराचं काय?" तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, आता बोलतील. खरंच वाटलं हो. मी खुर्ची पुढं ओढली. आणि तुम्ही म्हणालात, "तुला सगळं दिलं की, मंदा." मी चहा न घेता उठले. वहिनींना वाईट वाटलं असेल. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात.

हिराला सगळं सांगायचं ठरवूनच मी आज सकाळी मुरब्याला गेले. सभेत गिळलेलं सगळं पोटात होतं. हिरा ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. केस पिकलेत तिचे. मी म्हटलं, "हिरे, मास्तर गेले." ती म्हणाली, "ऐकलं. वाईट झालं." वाईट झालं म्हणाली, मास्तर! मग मी सांगितलं. अंगठा, कोकमतेल, मेलेलं नाक, हातमोजे, सगळं. मला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या तुम्हाला दिल्या. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं विचारलं, "तुला कवा कळलं गो?"

"तवाच. त्याच आठवड्यात."

तिचे हात थांबले. मी म्हटलं, मी त्यांना किती सांगितलं, किती वर्षं सांगितलं, तेच कबूल करत नव्हते. मला माझाच आवाज नकोसा झाला.

"तो मेला," ती म्हणाली. "त्याला काय विचारू? तू तं जिती होतीस ना गो, मंदे?"

तिनं हात पुसले आणि उठली. "चल आत. माझी सासू हाय. परवा तिच्या नातीची हळद हाय आणि मला आताच सांगून ठेवलंय, तू लांब बस. तिला सांग."

सासू खाटेवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात सुरुवात केली. म्हातारीनं कानामागं हात धरला. हिरा दारात उभी होती. "तिला ऐकू नाय येत," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल."

मी जरा मोठ्यानं बोलले.

"अजून मोठ्यानं."

मग मी ओरडले, मास्तर. सबंध आळीला जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले. बाया दारादारांत आल्या, शेजारच्या ओट्यावर बसलेला म्हातारा काठी टेकत आत डोकावला. हिराच्या हातानं एकही चकती कधी सोलली नव्हती, हे मी त्या घरात उभी राहून चारदा सांगितलं. कुणाच्या हातानं सोलली तेही सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. मग म्हातारीनं विचारलं, हे माहीत असून इतकी वर्षं गप्प कोण बसलं? आणि मी तेवढ्याच मोठ्यानं माझं नाव सांगितलं.